परिषदेला कोण होतं?

छत्रपती संभाजीनगरचा (तेव्हाच्या औरंगाबादचा) कॅथलिक धर्मप्रांत १९७७ साली वेगळा झाला. त्याआधी हा भाग अमरावती धर्मप्रांतात होता. म्हणूनच १९६२ ते १९६५ दरम्यान रोममध्ये भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या यादीत औरंगाबादचा बिशप शोधून सापडत नाही. अमरावतीचं पान उघडावं लागतं. भारताचे पहिले कार्डिनल, मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस मात्र तिथे होते.

दोन हजारांवर बिशप जमले, १६ दस्तऐवज मंजूर झाले. हिंदू आणि बौद्ध धर्मांचा आदराने उल्लेख करणाऱ्या निवेदनाला २८ ऑक्टोबर १९६५ रोजी २,२२१ मतं पडली, विरोधात ८८. त्यामागची ओढाताण मात्र आकड्यांत दिसत नाही. ती भाषणांच्या लॅटिन नोंदींतून, पत्रांतून आणि इव्ह काँगार यांच्यासारख्या धर्मपंडितांच्या रोजनिशीतून कळते. अशा सामग्रीवर बोलोन्याचे इतिहासकार जुझेप्पे अल्बेरिगो यांनी परिषदेचा पाच खंडांचा इतिहास संपादित केला. त्यात परंपरेशी फारकत घेतल्याचं चित्र गडद झालं, अशी टीका चर्चच्या इतिहासाचे अभ्यासक अगोस्तिनो मार्केत्तो यांनी केली.

हा वाद मला महत्त्वाचा वाटतो, पण तो युरोपभोवतीच फिरतो. परिषदेच्या सुधारणांमुळे चर्चमध्ये लॅटिनऐवजी मराठीत मिस्सा ही उपासना ऐकू येऊ लागली तेव्हा मराठवाड्यातल्या भाविकांना काय वाटलं, हे सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी आत्ताच टिपून घ्यायला हव्यात.