यंत्राआधी विचार
प्राथमिक शाळेतील बालकांना संगणक शिकवावयाचा म्हणजे नेमके काय शिकवावयाचे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न मुंबई उपनगरात झाला. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०१० मध्ये शाळांसाठी संगणकशास्त्राचा आदर्श अभ्यासक्रम सिद्ध केला; २०१३ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. केवळ यंत्र हाताळण्यापेक्षा क्रमबद्ध विचारावर त्यात भर आहे.

अशा विचाराचा पाठ यंत्राविनाही देता येतो. ‘तीन पावले पुढे, मग उजवीकडे’ अशा सूचना एका मुलीने कागदावर लिहाव्यात आणि दुसरीने त्या तंतोतंत पाळाव्यात. एखादी सूचना राहून गेली, तर दुसरी बाकापाशीच अडते. मग पहिली आपली चूक शोधून दुरुस्त करते. आज्ञावलीचे मर्म हेच होय. पुढे ‘स्क्रॅच’ या भाषेत रंगीत ठोकळे जोडून संगणकालाही अशाच सूचना देता येतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आज्ञावलीलेखनाचे उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यात सुचविले आहेत. तत्पूर्वी प्राथमिक शाळेतच हा पाया घातला गेला, तर ज्या घरी संगणक नाही, तेथील बालकही मागे राहणार नाही. त्यासाठी यंत्रांइतकीच प्रशिक्षित शिक्षकांची गरज आहे.