दगडातला महाराष्ट्र (भाग ७) : घारापुरी, आधी बेट मग लेणी

मागच्या भागात सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा काळा दगड पाहिला. आता त्याच कुळातला दगड समुद्राच्या वेढ्यात पाहू. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईत उतरलेला सोलापूरकर गेटवेवरून लाँच धरतो आणि तासाभरात घारापुरीला पोहोचतो. वाट मुंबईची असली, तरी बेट आहे रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात. तिथली लेणी सर्वांना ठाऊक आहेत. ती नेमकी इथेच का, हे मात्र बेटाचा भूगोल सांगतो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. सोलापूरच्या पोटात हे थर भाकरीच्या चवडीसारखे जवळजवळ आडवे आहेत. मुंबईच्या बाजूला ते पश्चिमेकडे कललेले आढळतात. घारापुरीची लांबी जेमतेम अडीच किलोमीटर. मधे घळ, दोन बाजूंना दोन टेकड्या, उंची सुमारे १५० मीटर. पश्चिमेच्या टेकडीत शैव लेणी आहेत, पूर्वेच्या टेकडीवर विटांचा बौद्ध स्तूप. पायथ्याशी शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या वस्त्या. काठाला तिवरांची झाडी आणि चिखल. ओहोटीला पाणी दूर हटते. म्हणूनच लाँचसाठी लांबलचक धक्का बांधावा लागला. त्यावर पर्यटकांसाठी छोटी आगगाडीही धावते.

खुल्या समुद्राचा मारा मुंबईच्या भूमीवर अडतो, त्यामुळे बेटाभोवतीचे पाणी तुलनेने शांत राहते. पूर्वेला कोकणचा किनारा हाकेच्या अंतरावर, आणि तिथून घाटवाटा देशावर चढतात. जहाजांना असा आसरा सोयीचाच. बेटावर रोमन मद्यकुंभांची खापरे आणि क्षत्रपांची नाणी मिळाली आहेत. म्हणजे शिवाची लेणी कोरली जाण्याच्या कितीतरी आधीपासून इथे व्यापाराची वर्दळ होती.

मुख्य लेणे साधारण सहाव्या शतकाच्या मध्याचे. बेटावर सापडलेल्या कलचुरी राजा कृष्णराजाच्या नाण्यांमुळे अनेक अभ्यासक त्याचे श्रेय कलचुरींना देतात. कातळ जाड आणि टणक असल्याने एवढे प्रशस्त सभागृह कोरता आले. उत्तरेच्या मुख्य दारासोबत पूर्व-पश्चिमेकडूनही प्रकाश आत येतो. दक्षिण भिंतीवर सुमारे साडेपाच मीटर उंचीचा सदाशिव आहे. पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून झिरपते. ते साठवायला लेण्यांलगत टाकी खोदली गेली. तेच पाणी आणि खारी हवा आज शिल्पांची झीज करतात. १९८७मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तरी ही झीज थांबवणे हेच इथले रोजचे काम आहे.

समुद्राने जहाजे जवळ आणली, पण बेटावर राहणाऱ्यांना दूरच ठेवले. समुद्राखालून केबल टाकून इथे कायमची वीज पोहोचली, ती थेट २०१८मध्ये.

पुढील भागात : राजबंदरजवळचा दगडी हत्ती १८६४मध्ये मुंबईला कसा गेला?