पाणी बेस हाय!

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करताना आपल्यापैकी बहुतेकांना एखादे जुने न्हाणीघर आठवत असेल. चुलवणावरचे तांब्याचे तपेले, उटण्याचा वास, आणि बाहेरून कोणीतरी ‘आटप लवकर, अजून चौघे आहेत’ म्हणून केलेला पुकारा. मला मात्र त्या पहाटे न्हाणीघर आठवत नाही. मला आठवते महाडजवळचे सव, सावित्री नदीच्या काठचे उन्हाळे, आणि त्यात गळ्यापर्यंत बसलेले माझे वडील.

आमचे मूळ गाव कुडपण. पोलादपूर तालुक्याच्या पार टोकाला, रायगड, रत्नागिरी आणि सातारा या तीन जिल्ह्यांच्या सीमा जिथे जवळ येतात तिथले हे डोंगरातले गाव. पावसाळ्यात चारी बाजूंनी धबधबे कोसळतात, आणि उन्हाळ्यात हंड्याभर पाण्यासाठी बायकांना चढउतार करावी लागते. असल्या गावात जन्म काढलेल्या माणसाचे गुडघे साठीच्या आधीच बोलू लागतात. आबांचे बोलू लागले, तेव्हा त्यांनी डॉक्टर केला नाही. माघ महिना लागला की ते डोंगर उतरत, पोलादपूरला एस.टी. धरत आणि महाडवरून सवला जात. दोन दिवस तिथल्या ऊन पाण्यात बसून, पुन्हा वर्षभर नांगर धरायला परत येत.

2004 साली मी नुकताच एम.ए. होऊन एका महाविद्यालयात तासांवर शिकवू लागलो होतो. त्या वर्षी आबांबरोबर मी गेलो. कुंडाशी आल्यावर त्यांनी धोतर सोडले, माझ्या हातात दिले, आणि लंगोटीवर ते पाण्यात उतरले. आत सात-आठ अनोळखी माणसे होती. आबांनी डोळे मिटले, एक दीर्घ श्वास सोडला आणि म्हणाले, “पानी बेस हाय. ये की रं.”

मी गेलो नाही. इस्त्रीच्या शर्टपँटमध्ये, हातात त्यांचे धोतर घेऊन, मी चार पावले लांब उभा राहिलो. कोणी विद्यार्थी तर पाहत नाही ना, एवढीच चिंता मला होती. आबांनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. 2011 मध्ये ते गेले.

ही गोष्ट मी घरात कोणालाच सांगितली नव्हती. ती बोलून दाखवण्याची वेळ आली ती थेट जपानात!

माझा भाचा टोकियोत नोकरीला आहे. 2024 च्या दिवाळीच्या सुटीत त्याने मला बोलावून घेतले. “मामा, टोकियो राहू दे. तुम्हांला उन्हाळं दाखवतो,” तो म्हणाला. मी हसलो. पण तो खरेच बोलत होता. उष्ण झऱ्याला जपानी भाषेत ‘ओन्सेन’ म्हणतात. ‘ओन’ म्हणजे ऊन आणि ‘सेन’ म्हणजे झरा. आमच्या कोकणातल्या उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे या गावांच्या नावांत तरी दुसरे काय आहे? संस्कृतातल्या ‘उष्ण’चे प्राकृतात ‘उण्ह’ झाले आणि ते आमच्या गावांच्या पाट्यांवर जाऊन बसले. भाषेच्या मास्तराला एवढे पुरे झाले. मी निघालो.

बुलेट ट्रेनने टोकियोहून सुमारे तीन तासांत कागा ओन्सेन स्थानक येते. तिथून बसने यामानाका या डोंगरातल्या गावी गेलो. घळीतून वाहणारी नदी, दोन्ही तीरांवर लालभडक झालेले मेपल वृक्ष. बाशो हा हायकूकार 1689 साली पायी हिंडत इथे आला होता आणि आठ रात्री राहिला होता. त्याला या पाण्याचे मोठे कौतुक वाटले. मी मनाशी हिशेब केला. त्याच वर्षी इकडे संभाजी महाराजांचा वध झाला होता आणि रायगडाला मोगलांचा वेढा पडला होता. एका डोंगरात कवी गरम पाण्यात निवांत बसला होता आणि दुसऱ्या डोंगरात एक राज्य जीव मुठीत धरून होते. काळ एकच असतो, वाटणी निराळी!

आमची सराई अगदी लहान होती. अवघ्या सात खोल्या. अशा जुन्या पद्धतीच्या सराईला ‘ऱ्योकान’ म्हणतात. दारात बूट काढायचे आणि सपाता घालायच्या. खोलीतल्या तातामीवर, म्हणजे गवताच्या जाड चटईवर, त्या सपाताही काढायच्या. शौचकूपाच्या सपाता वेगळ्या. पहिल्याच तासात मी त्याच घालून ओसरीभर फिरून आलो, आणि भाच्याने कपाळाला हात लावला! मालकीणबाई सत्तरीच्या. अशा बाईंना ‘ओकामी’ म्हणतात. घरची सून जशी सगळ्यांचे पाहते, तशी ती सराईचे सगळे पाहते. त्यांनी गुडघे टेकून चहा आणि गोडाची एकेक वडी पुढे ठेवली. मग अंगात घालायला युकाता नावाचा सुती झगा दिला. तो मी उलटा गुंडाळला, तेव्हा बाई पहिल्यांदाच घाईघाईने पुढे आल्या. डावी बाजू वर हवी. उजवी वर असते ती फक्त प्रेताला!

भाडे खोलीचे नसते, माणशी असते, आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. जेवणात भात, मिसोचे कढण, लोणचे आणि मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेला नदीचा मासा. कुडपणच्या ओढ्यातला मासा आई अशीच भाजायची. आम्ही जेवतो आहोत तोवर खोलीत गाद्या घातल्याही गेल्या होत्या.

आणि मग ते स्नान. इथे पाण्यात उतरायचे ते संपूर्ण विवस्त्र, लंगोटीही नाही. आधी एका बुटक्या चौरंगावर बसून साबणाने अंग स्वच्छ घासायचे आणि साबणाचा थेंबही न ठेवता धुवायचे. मगच कुंडात पाय. कुंड अंग धुण्यासाठी नाहीच, ते बसण्यासाठी आहे. तुमच्या आधीचा माणूस पाणी निर्मळ ठेवून गेला, तसेच तुम्ही पुढच्यासाठी ठेवायचे.

पडद्यापाशी माझे पाय अडले. वीस वर्षांपूर्वी अडले होते तसेच. आत एकच म्हातारा बसला होता. डोक्यावर घडी केलेला पंचा, हाताची बोटे शेतकऱ्याची. त्याने मला पाहिले, काही तरी बोलला आणि हाताने पाण्याकडे खूण केली. त्याचे शब्द मला कळले नाहीत. अर्थ मात्र मला वीस वर्षांपासून ठाऊक होता. मी उतरलो. तिथे डोळ्यांत पाणी आले तर कोणाला दिसत नाही, ही एक मोठी सोय असते.

रात्री बाईंशी भाच्यामार्फत बोलत बसलो. 1 जानेवारी 2024 रोजी याच इशिकावा प्रांतातल्या नोतो भागात मोठा भूकंप झाला. तेव्हा घरे गमावलेल्या लोकांना कागा भागातल्या सरायांनी आसरा दिला होता. बाईंच्या सात खोल्यांतही तीन कुटुंबे राहून गेली होती. “पहिले काही दिवस ती माणसं नुसती पाण्यात बसून राहायची. बोलायची नाहीत. आम्हीही विचारलं नाही,” बाई म्हणाल्या.

मी त्यांना 22 जुलै 2021 ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखरची सुतारवाडी दरडीखाली आली. बाईंनी नुसती मान लववली. डोंगरात राहणाऱ्यांना डोंगर काय देतो आणि काय घेतो, हे त्यांना समजावून सांगायला नको होते.

जपानातले पुष्कळसे उष्ण झरे ज्वालामुखींच्या आगीने तापतात. आमच्या कोकणात जिवंत ज्वालामुखी नाही. आमचा खडक कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, पण तो केव्हाच निवाला. सह्याद्रीवर पडलेला पाऊस त्या खडकाच्या भेगांतून फार खोल उतरतो, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतो आणि पुन्हा भेगांतूनच वर येतो. उन्हेरे, सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजापूरचे उन्हाळे, सगळ्यांची कुळकथा हीच. म्हणजे जो पाऊस आमच्या डोंगरांना धुऊन काढतो, त्यातलाच काही पोटातून ऊन होऊन खाली भेटायला येतो!

परत आल्यावर माघात आईला घेऊन सवला गेलो. आईने काठावर बसून लुगडे जरा वर घेतले आणि पाय पाण्यात सोडले. काठावरचा साबणाचा एक कागद उचलून तिने पिशवीत टाकला. जपानचे नियम तिला कोणी सांगितले नव्हते. मी शर्ट काढला, घडी करून तिच्याजवळ दिला आणि पंचा लावून पाण्यात उतरलो. 2004 ची ती गोष्ट तिथेच तिला सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला ठाव हाय. तवाच सांगितलं हुतं त्यांनी. म्हनले, पोरगं लाजलं. पुढल्या साली येईल.”

काठावर एक तरुण मुलगा बूट न काढता उभा होता. बहुधा आजोबांना घेऊन आला असावा. मी त्याच्याकडे पाहिले आणि म्हणालो, “पाणी बेस हाय. ये की रं.”