मँचेस्टरची ‘बेबी’ आणि खेळातून शिकणारे इंजिनिअर

बाळगोपाळांनो, आजचा लेख आजी-आजोबांच्या शेजारी बसून वाचा.

हल्ली आपल्या समाजात बऱ्याच घरांत एखादा नातू किंवा नात ‘सॉफ्टवेअर’ शिकते. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राने काय करायचं याच्या लेखी सूचना. दहा ओळी कुणीही लिहील. पण पुष्कळ माणसांनी मिळून लाखो ओळी लिहायच्या आणि त्या वर्षानुवर्षे नीट चालवायच्या, याला म्हणतात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. जर्मनीत गार्मिश येथे १९६८ साली परिषद भरली, तेव्हापासून हे नाव रूढ झालं.

या विद्येत आमच्या मँचेस्टरचा मान मोठा. २१ जून १९४८ रोजी इथल्या विद्यापीठात विल्यम्स, किलबर्न आणि टूटिल यांच्या ‘बेबी’ या इलेक्ट्रॉनिक यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेला प्रोग्रॅम चालवला. जगात हे पहिल्यांदाच घडलं. सूचना फक्त १७, आणि उत्तर यायला ५२ मिनिटे! यंत्राच्या स्मृतीत काय आहे ते काचेच्या नळीवर ठिपक्यांत दिसायचं. म्हणजे डोळ्यांनी पाहून शिकणं तेव्हापासूनच आहे.

१९९८ साली ‘बेबी’ची हुबेहूब प्रतिकृती बांधली आणि तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिण्याची स्पर्धा ठेवली. जिंकला कोण? एक जपानी गृहस्थ. त्यांचा प्रोग्रॅम नूडल्सची वेळ मोजायचा!

आता मुलं कशी शिकतात? याच विद्यापीठात अलीकडच्या वर्षांत दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘स्टेंडाल’ नावाचा कॉम्प्युटरवरचा खेळ दिला गेला. त्यात गावं आहेत, राक्षस आहेत. पण मुलांनी नुसतं खेळायचं नाही. दुसऱ्यांनी लिहिलेला तो भलामोठा प्रोग्रॅम वाचायचा, त्यातल्या चुका शोधायच्या आणि गटाने दुरुस्त करायच्या. एकाची दुरुस्ती दुसऱ्याचं काम बिघडवते का, हे पडद्यावर लगेच कळतं. आपले शनवार तेली पूर्वजसुद्धा तेलाचा घाणा पोथी वाचून शिकले नाहीत, घाण्यापाशी उभं राहूनच शिकले.

एवढा खटाटोप कशाला? मी नर्स होते, म्हणून हॉस्पिटलचंच उदाहरण देते. ‘थेरॅक-२५’ हे कॅन्सरच्या रुग्णांना किरण देणारं यंत्र. जुन्या यंत्रांत धोका अडवणारे वेगळे भाग होते. यात ते काढून प्रोग्रॅमवर भिस्त ठेवली. १९८६ साली अमेरिकेत टायलर गावी चालवणाऱ्या बाईंनी चुकीचं अक्षर चटकन बदललं. पडद्यावर बरोबर दिसलं, पण आत यंत्र अर्धवट बदललं होतं. रुग्णाला प्रमाणाबाहेर किरण बसले. १९८५ ते १९८७ या काळात असे सहा अपघात झाले आणि निदान तीन माणसं दगावली.

अशी चूक पुस्तकात वाचून समजणं कठीण. तोच प्रसंग हलत्या चित्रांत दाखवला, विद्यार्थ्याने स्वतः कळा भराभर दाबून पाहिल्या, तर ती जन्मभर लक्षात राहील. नर्सिंग शिकताना पहिली सुई संत्र्याला टोचतात, ती याचसाठी. संत्र्याला दुखत नाही.

तेव्हा नातवंडं पडद्यासमोर दिसली की लगेच रागावू नका. “काय दुरुस्त करतोयस रे?” एवढं विचारा. आणि मुलांनो, आजीला समजेल असं सांगा. ज्याला ते नीट सांगता येतं, त्याला काम कळलं म्हणायचं.