उत्क्रांतीचा पाठ आणि ख्रिस्ती श्रद्धा



कांहीं वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास घरीं आला. चौथीपर्यंत तो माझ्या हाताखालीं शिकला होता. आतां तो दहावींत गेला होता. घर ख्रिस्ती, रोज रात्रीं पवित्र शास्त्राचें वाचन होणारें. शाळेंत उत्क्रांतीचा पाठ नुकताच संपला होता. थोडा वेळ घुटमळून तो म्हणाला, "गुरुजी, परीक्षेंत एक लिहावयाचें आणि रविवारीं देवळांत दुसरें म्हणावयाचें, हें खोटें बोलणें नव्हे काय?" मीहि त्याच धर्मांत वाढलेला. "मोठा झालास म्हणजे कळेल," असें सांगून मीं त्याची बोळवण केली, आणि मागाहून मला त्याची लाज वाटली. त्या वेळीं द्यावयास हवें होतें तें उत्तर आज आपणांपुढें मांडीत आहें.

अमेरिकेंत हा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेला. टेनेसी राज्यांत १९२५ सालीं, मनुष्य खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असें सरकारी शाळांत शिकविण्यास कायद्यानें बंदी झाली. ती मोडल्याबद्दल जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकास शंभर डॉलर दंड झाला. तांत्रिक कारणावरून ती शिक्षा १९२७ सालीं रद्द झाली. कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला.

पुढें २००४ सालीं पेनसिल्व्हेनियांतील डोव्हर येथील स्कूल बोर्डानें ठरविलें कीं, उत्क्रांतीच्या पाठापूर्वीं मुलांना एक निवेदन वाचून दाखवावें: हा सिद्धान्त सदोष आहे, आणि कोणा बुद्धिमान कर्त्यानें जीव रचले असा दुसराहि एक पक्ष आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनीं तें वाचण्यास नकार दिला. अकरा पालकांनीं फिर्याद केली. त्यांच्या बाजूनें प्रथम साक्ष दिली ती केनेथ मिलर या जीवशास्त्राच्या प्राध्यापकानें. हा गृहस्थ श्रद्धावान कॅथलिक आहे.

त्यानें दिलेला एक पुरावा पाहण्याजोगा आहे. माणसाच्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यांत २४. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कोठें? इतका साठा सबंध नाहींसा होऊन जीव जगता ना; तेव्हां दोन गुणसूत्रें एकमेकांस जोडलीं गेलीं असलीं पाहिजेत. आतां, दोरीच्या टोकास गांठ असावी तशी प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांस एक ठराविक खूण असते. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रांत ही टोकाची खूण आंतल्या भागांत, जोड असावयास हवा नेमकी तेथेंच सांपडते. अनुमान आधीं केलें आणि मग तपासलें; शास्त्राची रीत ती हीच.

डिसेंबर २००५ मध्यें न्यायाधीश जॉन जोन्स यांनीं पालकांच्या बाजूनें निकाल दिला. उत्क्रांति मानली कीं ईश्वर नाकारावा लागतो, हें बोर्डाच्या पक्षाचें मूळ गृहीतच चुकीचें आहे, असें त्यांनीं त्यांत स्पष्ट लिहिलें.

हें मत कांहीं नवें नव्हे. पांचव्या शतकाच्या आरंभीं संत ऑगस्टिन यानें 'उत्पत्ति'च्या विवरणांत बजावलें होतें कीं, सृष्टीच्या गोष्टींत ख्रिस्ती माणसानें शास्त्राच्या नांवावर अज्ञान बोलूं नये. त्यानें शास्त्राचेंच हंसें होतें. डार्विनचा ग्रंथ १८५९ सालीं निघाला, तेव्हां चार्ल्स किंग्सले या इंग्रज धर्मोपदेशकानें त्याचें स्वागत केलें. स्वतःच विकसित होऊं शकणारे जीव निर्माण करणारा ईश्वर त्यास तितकाच थोर वाटला. १९९६ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं हा सिद्धान्त केवळ तर्क राहिला नसल्याचें मान्य केलें.

तरी सर्व अडचणी मिटल्या असें मी म्हणणार नाहीं. सहा दिवसांची कथा अक्षरशः मानणारे प्रामाणिक लोक आजहि आहेत. लाखों वर्षें जीवांनीं भोगलेलें दुःख दयाळु पित्याच्या योजनेंत कसें बसवावें, हा प्रश्न मलाहि टोंचतो. मात्र तो सोडविण्यासाठीं गुणसूत्रांतील खूण पुसून टाकतां येत नाहीं.

शिक्षकाचें कर्तव्य मला दुहेरी दिसतें. पुरावा आहे तसा, कांहीं न लपवितां शिकवावा. आणि त्या पुराव्यावरून ईश्वर आहे किंवा नाहीं, असा निवाडा वर्गांत देऊं नये. देह कसा घडला तें प्रयोगशाळा सांगेल. शेजाऱ्याशीं मीं कसें वागावें, हें ती सांगत नाहीं.

तो मुलगा आज भेटला तर मी त्यास सांगेन: बाळ, परीक्षेंत जें लिहिलेंस तें खरें आहे, तें निःशंक लिही. रविवारीं देवळांत जा, आणि तेथेंहि हा प्रश्न मोठ्यानें विचार. आपल्या उपाध्यायांस उत्तर देतां आलें नाहीं, तर माझ्याकडे ये. या वेळीं मी तुला परत पाठविणार नाहीं.