सेकंडहँड स्कूटर घेताय? नुसत्या कागदांवर विसंबू नका

मुलीचं कॉलेज सुरू झालं की घरात पहिली चर्चा असते ती स्कूटरची. नव्या स्कूटरची किंमत ऐकून आईबाबा सेकंडहँडकडे वळतात. कुणाच्या तरी ओळखीतून गाडी मिळते. विकणारा म्हणतो, ‘‘आरसी आहे, पीयूसी आहे, इन्शुरन्स आहे. सगळं क्लिअर आहे, अजून काय हवं?’’ आणि आपण निर्धास्त होतो. पण ज्या गाडीवर आपली लेक रोज ट्रॅफिकमधून जाणार आहे, तिचे ब्रेक कसे आहेत हे या तिन्हींपैकी एकही कागद सांगत नाही.

कोणता कागद काय सांगतो?

आरसी : खासगी दुचाकीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांसाठी असतं. या १५ वर्षांत गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे की नाही, याची कोणतीही ठरावीक सरकारी तपासणी होत नाही. म्हणजे १० वर्षं जुन्या स्कूटरची आरसी चालू असली, तरी नवी घेतल्यापासून तिचे ब्रेक कुणी तपासलेच नसतील, असंही होऊ शकतं.

फिटनेस सर्टिफिकेट : १५ वर्षं पूर्ण झाली की गाडीची तपासणी होते आणि पास झाल्यास रजिस्ट्रेशन ५ वर्षांसाठी वाढवून मिळतं. ही तपासणी त्या एका दिवसाची असते. ३ वर्षांपूर्वी पास झालेली गाडी आज कशी आहे, हे तो कागद सांगू शकत नाही. त्यामुळे गाडी १५ वर्षांपेक्षा जुनी असेल, तर तपासणीची तारीख नक्की पाहा.

पीयूसी : यात फक्त सायलेन्सरमधून निघणारा धूर तपासतात. ब्रेक, टायर, हेडलाइट यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

इन्शुरन्स : थर्ड पार्टी विमा कायद्याने बंधनकारक आहे. अपघातात दुसऱ्याचं नुकसान झालं, तर तो उपयोगी पडतो. गाडी सुस्थितीत असल्याची ती हमी नव्हे.

ब्रिटनमध्ये दुचाकी किंवा कार ३ वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी करावी लागते. पण त्यातही इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था पाहिली जात नाही. थोडक्यात काय, सर्टिफिकेट कुठलंही असो, गाडी स्वतः पाहण्याला पर्याय नाही.

गाडी पाहायला जाल तेव्हा

दिवसाउजेडी जा. गाडी आधी सुरू करून ठेवू नका, असं विकणाऱ्याला सांगा. पोहोचल्यावर इंजिनजवळ हात नेऊन ते थंड आहे ना, याचा अंदाज घ्या. थंड इंजिन किती सहज सुरू होतं, यावरून बरंच काही कळतं. गाडी सुरू झाल्यावर निळसर धूर येत राहिला, तर इंजिन ऑइल जळतंय असं समजा. हे काम खर्चिक असतं.

* मीटर : मीटर मागे फिरवता येतो. आकडा कमी आणि हँडल ग्रिप, ब्रेक लिव्हर, सीट झिजलेली असेल, तर शंका घ्या. सर्व्हिसची जुनी बिलं मागा.

* टायर : बाजूला चार अंकी आकडा असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शिल्लक असली तरी बाजूला भेगा असतील तर टायर बदलावा लागेल.

* हँडल आणि शॉकअप : गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक धरून मागेपुढे हलवा. खडखड जाणवली तर कोनसेट झिजलेला असू शकतो. पुढच्या शॉकअपवर ऑइलचे ओघळ नाहीत ना, हेही पाहा.

* ब्रेक : मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून पाहा. गाडी एका बाजूला खेचली जाता कामा नये.

* नंबर : चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. खाडाखोड दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे आपला मेकॅनिक सोबत न्या. विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याला दिलेले थोडे पैसे पुढचा मोठा खर्च वाचवतात. गाडी दाखवायला विकणारा टाळाटाळ करत असेल, तर तेच उत्तर समजा.

पैसे देण्याआधी आणि नंतर

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून माहिती पाहा आणि थकलेली चलानंही तपासा. आरसीवर बँकेच्या कर्जाची नोंद असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करा. खरेदीनंतर ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवावं लागतं. विमाही आपल्या नावावर करायला विसरू नका.

इंदूर, बडोदा किंवा हैदराबादला राहत असाल आणि गावाकडच्या नातेवाइकांची एमएच पासिंगची गाडी घेत असाल, तर मूळ आरटीओची एनओसी लागते. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची असेल, तर तिथलं रजिस्ट्रेशन करावं लागतं.

गाडी विकणाऱ्यांनीही सावध राहावं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, की गाडी दुसऱ्याला दिली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, तोच अपघातातील भरपाईसाठी मालक मानला जाईल. ‘घरातलाच माणूस आहे, करू नंतर नावावर’ हे म्हणूनच महागात पडू शकतं.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात ब्रेक शू, ऑइल आणि बेल्ट तपासून घ्या, गरज असेल तर बदला. हा खर्च खरेदीच्या बजेटमध्येच धरा आणि तो झाल्यावरच चावी लेकीच्या हाती द्या. सोबत एक चांगलं आयएसआय मार्कचं हेल्मेटही द्या. ते मात्र सेकंडहँड नको.