जोडतारांची युक्ति

शहरांत राहणाऱ्या मनुष्यास जी सोय अनायासें मिळते, ती खेड्यांतील मनुष्यास मिळवावयाची म्हटली म्हणजे पदरच्या बुद्धीची तिला जोड द्यावी लागते. पाणी, रस्ता, दवाखाना, शाळा या सर्वांविषयीं हें खरें आहे, आणि इंटरनेटविषयींहि तें तितकेंच खरें आहे. आज आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरीं मोबाइल फोनवर हवें तें चित्र क्षणांत उमटतें. एके काळीं हीच माहिती टेलिफोनच्या साध्या तारेंतून, किरकिर आवाज करीत, मुंगीच्या पावलांनीं घरांत येत असे, हें त्यांस सांगूनहि खरें वाटावयाचें नाहीं. त्या काळीं अमेरिकेच्या ग्रामीण भागांत कांहीं लोकांनीं एक युक्ति योजिली होती. एका तारेनें भागत नाहीं ना? मग दोन तारा घ्याव्या, आणि एकीचें ओझें दोघींवर वांटून द्यावें. युक्ति दिसावयास सोपी आहे, परंतु तिच्या पोटांत पुष्कळ शास्त्र सांठविलेलें आहे. ती कशी चालते, कोठें साधली आणि कोठें फसली, हें वाचकांस समजावून द्यावें असा आमचा हेतु आहे.

टेलिफोनची तार मूळ मनुष्याच्या वाणीसाठीं घातलेली. संगणकाची भाषा निराळी. तींत शून्य व एक अशा दोनच खुणा असतात, आणि अशा एकेका खुणेस बिट म्हणतात. या खुणांचें आवाजांत रूपांतर करून त्या तारेवर सोडणें, आणि पलीकडून आलेल्या आवाजांतून खुणा पुन्हां वेंचून काढणें, असें दुहेरी काम करणाऱ्या यंत्रास मोडेम हें नांव आहे. अमेरिकेंत १९६२ सालीं प्रचारांत आलेला मोडेम सेकंदास ३०० बिट पाठवीत असे. पुढें १९८४ सालच्या ठरावानें ही गति ९,६००, १९९४ सालच्या ठरावानें २८,८०० आणि १९९८ सालच्या ठरावानें ५६,००० बिटांपर्यंत गेली, आणि तेथेंच थांबली.

ती तेथेंच कां थांबली? टेलिफोनच्या व्यवस्थेंतून सेकंदास सुमारें ३०० पासून ३,४०० पर्यंत कंपनें असलेला आवाजच पलीकडे जातो, कारण बोलणें समजण्यास तेवढा पुरतो. तारेचा पट्टा किती रुंद आहे आणि तींत गोंगाट किती आहे, या दोन गोष्टींवरून तींतून जाणाऱ्या माहितीची कमाल मर्यादा ठरते, हें क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानें १९४८ सालीं सिद्ध केलें. पट्टा ३,१०० कंपनांचा आणि आवाजाची शक्ति गोंगाटाच्या तीन हजारपट धरली, तर त्याच्या सूत्राप्रमाणें सेकंदास सुमारें ३६ हजार बिट इतकेंच उत्तर येतें. मग ५६ हजारांची मजल कशी मारली? इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीकडून निघणारी माहिती टेलिफोनच्या केंद्रापर्यंत अंकांच्याच रूपानें जाते. तिचा आवाज केवळ शेवटच्या टप्प्यांत, केंद्रापासून घरापर्यंत, होतो. त्यामुळें आवाजाचे अंक करतांना उत्पन्न होणारा गोंगाट त्या दिशेपुरता टळला. परंतु केंद्रांतील यंत्रें आवाज सेकंदांतून ८,००० वेळां मोजतात आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहितात. म्हणजे ६४,००० बिटांपलीकडे जाण्यास तेथें वावच नाहीं. तारेवर सोडावयाच्या शक्तीस अमेरिकन नियमांनीं घातलेल्या मर्यादेमुळें प्रत्यक्षांत सुमारें ५३ हजारच मिळत, आणि घरांतून बाहेर जाणाऱ्या माहितीस तर बहुधा ३३,६०० हीच सीमा असे.

ही झाली चांगल्या तारेची गोष्ट. खेड्याची तार याहून दीन असते. अमेरिकेंतील शेतकऱ्यांचीं घरें एकमेकांपासून आणि टेलिफोनच्या केंद्रापासून दूरदूर वसलेलीं आहेत. खासगी कंपन्यांस तेथें तारा नेणें परवडेना, म्हणून १९४९ सालीं तेथील सरकारनें ग्रामीण टेलिफोनांसाठीं कर्जें देण्याचा कायदा केला. लांब तारेंत आवाज क्षीण होतो. त्यावर उपाय म्हणून तारेच्या वाटेंत ठराविक अंतरावर, बहुधा ६,००० फुटांवर, तारेचीं वेटोळीं बसवीत असत. या युक्तीचें पेटंट १९०० सालीं मायकेल प्युपिन यांस मिळालें. बाळपणीं गांवचीं गुरें राखणारा हा सर्बियन मुलगा पुढें न्यूयॉर्क येथील कोलंबिया विश्वविद्यालयांत प्राध्यापक झाला. त्याच्या वेटोळ्यांनीं दूरच्या शेतकऱ्याचा आवाज केंद्रापर्यंत पोहोंचविला खरा, परंतु तींच वेटोळीं आवाजाहून वरच्या कंपनांस अडवून धरतात. पुढें त्याच तांब्याच्या तारेंतून वरच्या कंपनांच्या द्वारें जलद इंटरनेट नेण्याची डी. एस. एल. नामक रीत निघाली, तेव्हां तिला हीं वेटोळीं आडवीं आलीं. शिवाय ती रीत केंद्रापासून सुमारें १८,००० फुटांच्या, म्हणजे साडेपांच किलोमीटरांच्या, आंतच बरी चालते. एका पिढीचा उपाय दुसऱ्या पिढीस अडथळा कसा होतो, त्याचा हा बोलका दाखला आहे. शहरांत जलद इंटरनेट आलें तरी खेड्यांतील घर मोडेमच्या आवाजाशींच बांधलेलें राहिलें, तें यामुळें.

तेव्हां जोडतारांची युक्ति पुढें आली. दोन तारा, दोन मोडेम, एक संगणक. आतां अडचण अशी कीं, एकच माहिती दोन वाटांनीं गेली तर ती पलीकडे एकत्र कशी व्हावी? समजा, एका ग्रंथाचीं पानें सुटीं करून दोन जासुदांच्या हातीं दिलीं. एकाची वाट चढणीची आणि दुसऱ्याची सपाट. पानें मागेंपुढें पोहोंचणारच. परंतु प्रत्येक पानावर अनुक्रमांक घातला असेल, तर घेणाऱ्यास तीं लावून घेण्यास कांहींच आयास पडत नाहींत. हेंच तत्त्व मल्टिलिंक पी. पी. पी. नामक नियमावलींत घातलें आहे. ती १९९४ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली आणि १९९६ सालीं सुधारून निघाली. माहितीच्या प्रत्येक पाकिटाचे तुकडे करावयाचे, प्रत्येकावर क्रमांक घालावयाचा, जी तार मोकळी असेल तिच्यावर तो सोडावयाचा, आणि पलीकडे क्रमांकांप्रमाणें सांधून मूळ पाकीट तयार करावयाचें.

एखादा तुकडा वाटेंतच नाहींसा झाला तर? घेणाऱ्यानें त्याची वाट पाहत कोठवर बसावें? येथें नियमकर्त्यांची बुद्धि पाहण्यासारखी आहे. एकाच तारेवरून जाणारे तुकडे आपसांत कधीं मागेंपुढें होत नाहींत. म्हणून १० क्रमांकाचा तुकडा आला नाहीं, परंतु पहिल्या तारेवरून ११ वा आणि दुसरीवरून १२ वा येऊन पोहोंचला, तर १० वा कोणत्याहि तारेवर मागें राहिलेला असणें शक्य नाहीं. तो हरवला असें निःशंक समजावें आणि पुढील कामास लागावें. घड्याळाकडे पाहण्याची गरज नाहीं. केवळ तर्कानें निर्णय होतो. दोन तारांपैकीं एक मध्येंच तुटली, तरी दुसरीवर काम अर्ध्या गतीनें चालूं राहतें. साखळी एका कडीनें तुटते. पदरांची दोरी तशी तुटत नाहीं. पवित्र शास्त्रांत तिपदरी दोरीचा उल्लेख आहे, तो आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच.

लाभ किती? दहा लक्ष अक्षरांचा मजकूर, म्हणजे ८० लक्ष बिट, सेकंदास २८,८०० बिटांच्या एका तारेनें येण्यास सुमारें ४ मिनिटें ३८ सेकंद लागतात. तशाच दोन तारा जोडल्या तर सुमारें २ मिनिटें १९ सेकंद. क्रमांक घालण्यांत थोडी जागा खर्चीं पडते, ती वजा जातां वेळ जवळजवळ निम्मा होतो. विंडोज ९८ या प्रसिद्ध संगणकप्रणालींत ही सोय अंगचीच होती, आणि लिनक्समध्येंहि ती २००१ सालीं आली.

परंतु या युक्तीच्या मर्यादा सांगितल्यावांचून हें वर्णन पुरें व्हावयाचें नाहीं. पहिली गोष्ट, तिच्यामुळें ओझें अधिक वाहिलें जातें, वाट मात्र जवळ होत नाहीं. बाजारास एकाऐवजीं दोन बैलगाड्या एकदम धाडल्या तर धान्य दुप्पट पोहोंचेल, पण लवकर पोहोंचणार नाहीं. मोडेमवरून पाठविलेल्या लहानशा प्रश्नाचें उत्तर परत येण्यास सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून अधिक वेळ लागत असे. दोन मोडेम लाविले तरी तो विलंब तेवढाच राही.

दुसरी गोष्ट, पलीकडच्या कंपनीची संमति अवश्य पाहिजे. तुकडे सांधणारा तेथें कोणी नसेल तर क्रमांक घालून काय उपयोग? दोन्ही तारा कंपनीच्या निरनिराळ्या यंत्रांवर जाऊन थडकल्या, तरीहि जोड व्हावयाची नाहीं. अशा वेळीं दोन तारांवर दोन वेगळीं कामें चालविणें एवढाच मार्ग उरे. त्यानें एका कामाची गति वाढत नसे, पण एका भावंडाचें काम दुसऱ्याच्या कामास अडवीत नसे. खर्चहि दुप्पट: दोन तारांचें भाडें, दोन यंत्रें, आणि पुष्कळदां इंटरनेटचें शुल्कहि दोन जोडण्यांचें.

तिसरी गोष्ट सर्वांत विलक्षण. गांवाकडे जाणाऱ्या तारांची संख्या आधींच थोडी. शेतकऱ्यानें दुसरी तार मागितली, म्हणजे टेलिफोन कंपनी कित्येकदां नवी तार न घालतां जुन्याच तारेच्या दोन टोकांस एक यंत्र बसवी आणि तींतूनच दोन टेलिफोन चालवी. बोलण्यास त्यानें बाध येत नसे. परंतु या यंत्रामुळें आवाजाचे अंक आणि अंकांचा आवाज असें रूपांतर एकदां अधिक होई, आणि ५६ हजारांची किमया तर एकाच रूपांतरावर अवलंबून होती. परिणाम असा कीं, जी तार पूर्वीं ५० हजारांच्या आसपास गति देई, ती २६-२८ हजारांवर उतरे, आणि दुसरीहि तितकीच. दोघींची बेरीज केली तर मूळच्या एका तारेइतकीच! पैसे दोन तारांचे गेले, आणि पदरांत पडलें जुनेंच.

आमच्या देशांत सामान्य जनतेसाठीं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झालें, तेंहि प्रथम मुंबईसारख्या मोठ्या शहरांत आणि टेलिफोनच्या तारेवरूनच. येथें तर एका घरीं दुसरी तार ही चैनच होती. म्हणून ग्रामीण भागांत दुसराच विचार झाला. १९९८ सालीं कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील, वारणानगरच्या भोंवतालचीं ७० खेडीं संगणकांनीं जोडण्याची योजना निघाली. पुढें संशोधकांस असें आढळलें कीं, त्या संगणकांचा खरा उपयोग उसाचे हिशेब, खताची मागणी, कारखान्याचे निरोप एवढ्यापुरताच होत आहे. तेव्हां कांहीं गांवांत संगणक बाजूस ठेवून तेंच काम मोबाइलवरील लघुसंदेशांनीं करून पाहिलें, आणि तें कमी खर्चांत साधलें. वाट रुंद करण्यापूर्वीं ओझें तोलून पाहावें, हा धडा त्यांतून मिळतो.

मोडेमचा जमाना आतां सरला. अमेरिकेंतील ए. ओ. एल. या जुन्या कंपनीनें आपली टेलिफोनवरील सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजीं बंद केली. जोडण्याचें तत्त्व मात्र जिवंत आहे. आपल्या हातांतील मोबाइल फोन एकाच वेळीं दोन किंवा अधिक लहरपट्ट्यांवरून माहिती घेऊन ती एकत्र करतो; २०११ च्या सुमारास ठरलेल्या नियमांनीं हें शक्य झालें. यंत्रें बदललीं, तरी वांटणें, क्रमांक घालणें आणि पुन्हां सांधणें हें सूत्र तेंच राहिलें आहे.

ज्यांच्या वाडीवस्तीवर आजहि मोबाइलची लहर क्षीण आहे, त्या पालकांस आमची एक विनंति आहे. घरीं दोन फोन जोडून मुलांच्या अभ्यासाची सोय करावयाची असेल, तर आधीं त्या दोन वाटा खरोखरच दोन आहेत काय, हें पाहावें. एकाच कंपनीचे, एकाच मनोऱ्यावर अवलंबून असलेले दोन फोन गर्दीच्या वेळीं एकाच झऱ्यावर लाविलेल्या दोन घागरींप्रमाणें आहेत. दुसरा फोन निराळ्या कंपनीचा आणि निराळ्या मनोऱ्याचा असेल तरच जोडीचा अर्थ. आणि असली युक्ति साधली, तरी तेवढ्यावर संतोष मानून स्वस्थ बसूं नये. ती निकडीच्या वेळचा आधार आहे. गांवास धड रस्ता असावा, तशीच धड तारहि असावी, ही मागणी ग्रामपंचायतीपुढें मांडीत राहणें हें पालकांचें कर्तव्य आहे. शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलाची बुद्धि दूर राहत नाहीं; केवळ तार तेवढी दूर असते.